गिटार थेट विकणाऱ्या कंपन्यांना जळगावच्या एका वाद्यविक्रेत्याचे खुले पत्र

प्रति,
भारतात गिटार तयार करणाऱ्या, आयात करणाऱ्या व विकणाऱ्या सर्व कंपन्यांचे व्यवस्थापन आणि विक्री विभाग यांस,

विषय : कंपन्यांची थेट ग्राहकविक्री आणि जिल्ह्याच्या व तालुक्याच्या गावांतील वाद्यविक्रेते

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी जळगावात वाद्यांचे दुकान चालवतो. दुकान माझ्या वडिलांनी १९७८ साली सुरू केले. त्या काळी आमचे गिऱ्हाईक म्हणजे भजनी मंडळे, शाळा आणि लग्नातले बँडवाले. हार्मोनियमचे सूर पालीताण्याहून यायचे, तबल्याला शाई भरायला एक कारागीर आठवड्यातून दोन दिवस दुकानाच्या ओट्यावर बसायचा, आणि गिटार ही वस्तू दुकानात नव्हतीच. पहिल्या दोन गिटारी वडिलांनी कोलकात्याहून मागवल्या, त्याही भुसावळच्या रेल्वे वसाहतीतील एका गृहस्थांनी फारच आग्रह धरला म्हणून. त्यातली एक वर्षभर भिंतीवर लटकून राहिली. आज परिस्थिती अशी आहे की हार्मोनियम महिन्याला एखादा जातो आणि दुकानाचे भाडे गिटार भरते. चोपडा, यावल, अमळनेर, पारोळा इथून मुले येतात. भुसावळ आणि नवापूरकडच्या चर्चमध्ये साथ करणारी मंडळी येतात. आणि अलीकडे मुलींची संख्या लक्षात येण्याइतकी वाढली आहे, याचा मला विशेष आनंद आहे.

गेल्या काही वर्षांत आपल्यापैकी बहुतेकांनी आपापल्या संकेतस्थळांवरून थेट ग्राहकाला गिटार विकायला सुरुवात केली आहे. त्याविषयी आम्हा विक्रेत्यांच्या गटांमध्ये जे बोलले जाते ते आपल्यापर्यंत पोहोचत असेल तर ते बहुधा रडगाण्याच्या किंवा बहिष्काराच्या धमकीच्या स्वरूपात पोहोचत असेल. मला दोन्ही करायचे नाही. माझे म्हणणे एका वस्तुस्थितीपुरते आहे : कारखान्यातून निघालेली गिटार ही पुरी झालेली वस्तू नसते, तिचे शेवटचे काम ग्राहकाच्या गावात होते, आणि थेट विक्रीच्या आपल्या हिशेबात हे काम कोण करणार आणि त्याचे पैसे कोण देणार याचा रकानाच नाही.

मागच्या वर्षी शाळा सुरू होण्याच्या सुमारास पारोळा तालुक्यातील एक शेतकरी आपल्या मुलाला घेऊन दुकानात आले. मुलाच्या हातात कंपनीचे नाव छापलेला खोका होता. गिटार कंपनीच्याच संकेतस्थळावरून मागवलेली होती आणि घरी येऊन सहा दिवस झाले होते. मुलाने डाव्या हाताची बोटे माझ्यापुढे धरली. तीन बोटांच्या टोकांवर फोड आले होते. "भाऊ, तार दबासच नही," तो म्हणाला. मी बाराव्या फ्रेटवर, म्हणजे मानेवर आडव्या बसवलेल्या धातूच्या बाराव्या पट्टीवर, स्टीलची मोजपट्टी लावून पाहिली. जाड तार फ्रेटपासून चार मिलिमीटरहून अधिक उंच होती. ती अडीचच्या आसपास असायला हवी. पहिल्या फ्रेटवर, जिथे नवशिक्याची बोटे सर्वांत आधी पडतात, तिथे तारेखालून तीन व्हिजिटिंग कार्डे एकावर एक ठेवून सरकवता येत होती. मान पुढे वाकलेली होती. गिटार खराब होती असे मी म्हणणार नाही. लाकूड ठीक होते, खुंट्या ठीक होत्या, रंगकाम तर उत्तम होते. फक्त तिला कोणी हात लावलेला नव्हता.

तारा सैल केल्या, ट्रस रॉडला, म्हणजे मानेच्या आतल्या सळईला, पाव फेरा दिला, मानेला थोडा वेळ बसू दिले. सॅडल, म्हणजे तारा खालच्या टोकाला जिच्यावर टेकतात ती पट्टी, काढून काचेवर चिकटवलेल्या पॉलिश पेपरवर खालच्या बाजूने घासले, दोनदा बसवून पाहिले, पुन्हा घासले. नटच्या, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाशी तारा ज्यातून जातात त्या पट्टीच्या, खाचा बारीक कानशीने एकेक करून खोल केल्या. हे काम घाईने होत नाही, कारण एक घासा जास्त बसला की तार फ्रेटवर झणझणते आणि नवा नट बसवावा लागतो. जाड संचाऐवजी हलका संच चढवला. दीड तास गेला. मुलाने पहिल्यांदा सी कॉर्ड धरला, सहाही तारांचा नसला तरी पाच तारांचा स्वच्छ आवाज आला, आणि त्याने वडिलांकडे असे पाहिले की चूक आपली नव्हती हे त्याला त्या क्षणी कळले असावे. मी तारांचे आणि मजुरीचे मिळून सातशे रुपये घेतले. पैसे मोजताना वडिलांनी विचारले, "हे त्यांनी आधीच करून का नाही पाठवलं?" मला उत्तर देता आले नाही. प्रश्न आपला आहे म्हणून तो इथे आपल्यापुढे ठेवतो.

हा प्रश्न एका मुलाच्या बोटांपुरता नाही, हे आपल्याच क्षेत्रातील एका मोठ्या माणसाच्या बोलण्यावरून दिसते. फेंडर या अमेरिकी गिटार कंपनीचे मुख्याधिकारी असताना अँडी मूनी यांनी कंपनीच्या पाहणीच्या आधारे जाहीरपणे सांगितले होते की विकल्या जाणाऱ्या गिटारींपैकी सुमारे ४५ टक्के गिटारी पहिल्यांदाच वाद्य हाती घेणारे लोक विकत घेतात, आणि या नवशिक्यांपैकी सुमारे ९० टक्के लोक वर्षाच्या आत, त्यातलेही बरेचसे पहिल्या तीन महिन्यांतच, वाद्य सोडून देतात. जे टिकतात ते मात्र आयुष्यात पाच-सात गिटारी घेतात, तारा, कव्हर, अँप्लिफायर घेतात, आणि धंदा खरा त्यांच्यावर चालतो. त्यावर फेंडरने २०१७ साली ऑनलाइन शिकवणी काढली. कल्पना चांगली आहे. आमच्याकडेही मुले मोबाइलवर पाहूनच शिकतात. पण शिकवणी कितीही चांगली असली तरी चार मिलिमीटर उंच असलेली तार ती खाली आणू शकत नाही. दहापैकी नऊ जण सोडून जातात त्यांत आळशी किती आणि बोटे सोलून निघाल्यामुळे "हे आपल्याला जमणारे नाही" असे ठरवून बसलेले किती, याचा शोध आपण घ्यावा. माझ्या काउंटरवरून जे दिसते त्यावरून दुसऱ्या प्रकारचे लोक कमी नाहीत, आणि त्यांच्या गिटारी पुढे कपाटावर पडून राहतात किंवा दिवाळीच्या साफसफाईत निम्म्याहून कमी किमतीला विकायला माझ्याकडेच येतात.

आता आमच्या हवेबद्दल. गिटार बनवणारे सांगतात की वाद्याला हवेत ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. जळगाव-भुसावळचा मे महिना आपण पाहिला आहे का, हे मला माहीत नाही. पारा ४४-४५ अंशांवर जातो, हवा इतकी कोरडी होते की वाळत घातलेले धोतर पाऊण तासात कडक होते. त्या हवेत फिंगरबोर्ड आकसतो आणि फ्रेटची टोके कडेला बाहेर येतात. मानेवरून हात फिरवला तर करवतीसारखी टोचतात. गिटारीची छाती, म्हणजे पुढची फळी, घन लाकडाची असेल तर ती खाली बसते, तारा झणझणतात आणि वाईट नशीब असेल तर तडा जातो. मग जूनच्या मध्यावर पाऊस लागतो आणि पंधरा दिवसांत सगळे उलटे होते : लाकूड पाणी पिते, छाती फुगते, तारा उंच होतात. म्हणजे मार्चमध्ये अचूक लावून दिलेली गिटार जुलैत पुन्हा पाहावी लागते. हे कोकणात किंवा बंगळुरात जसे घडते तसे आमच्याकडे घडत नाही, आणि कारखान्यात बसून खान्देशासाठी वेगळे सेटिंग कोणी करत नाही, करावे अशी अपेक्षाही नाही. त्यासाठीच तर गावात माणूस असतो.

त्यात कुरिअरचा प्रवास मिळवा. खोका उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये दोन दिवस पडला की आतले तापमान बाहेरच्यापेक्षा बरेच चढते आणि सरस मऊ पडू लागतो. सहा तारांचा ताण मिळून सत्तर किलोच्या आसपास असतो. तो सारा ताण ज्या पट्टीवर येतो ती घोडी, म्हणजे ब्रिज, मागच्या कडेने उचलू लागते. सुरुवातीला फट इतकी बारीक असते की कागदाचा कोपरा जेमतेम शिरतो. दुकानात माल आला की आम्ही पहिल्यांदा तारा सैल करून तो कागद फिरवतो. घरी खोका उघडणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाला हे कोण सांगणार? त्याला फट दिसते तेव्हा घोडी निम्मी सुटलेली असते, आणि परतीची मुदत संपलेली असते.

आपण म्हणाल की थेट विक्री ही काही आजची गोष्ट नाही. खरे आहे. अमेरिकेत कार्विन नावाची कंपनी १९४६ साली सुरू झाली आणि तिने अनेक दशके टपालाने माहितीपत्रक पाठवून थेट ग्राहकालाच गिटारी विकल्या. तिच्यातूनच २०१५ मध्ये वेगळी झालेली कीझल कंपनी आजही तेच करते. पण मला त्याहून जवळचे उदाहरण द्यायचे आहे. आपल्याकडे मिरजेत दीडशे वर्षांहून अधिक काळ सतारी आणि तंबोरे बनतात. त्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तिथला कारागीर गायकाला थेटच विकतो. मध्ये दुकानदार नसतो आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. मात्र तिथे गायक कारागिरासमोर बसतो, आपली पट्टी सांगतो, कारागीर घोडीचा माथा घासून, तारेखाली सुती दोरा सरकवून जवारी, म्हणजे तारेची गुंज, लावतो, गायक डोळे मिटून ऐकतो, मान हलवतो, कारागीर पुन्हा घासतो. तंबोरा तिथे पुरा होतो. वर्षा-दोन वर्षांनी जवारी उतरली की गायक परत जातो किंवा कारागीर वाद्ये लावायला गावोगावी फिरतो. ही थेट विक्री आहे. वडिलांना मिरजेच्या एका कारागिराने सांगितलेले मी लहानपणी ऐकले आहे की तंबोरा विकून होत नाही, लावून होतो. आपण त्यातला "थेट" तेवढा घेतला आणि लावणे सोडून दिले.

आमच्या भागातील दुसरी गोष्ट अधिक रोजच्या व्यवहारातली आहे. जळगाव जिल्ह्यातील केळीच्या बागा ठिबकवर उभ्या आहेत. ठिबकचा संच बनवणाऱ्या कंपन्या काही लहान नाहीत, त्यांनाही सारे संकेतस्थळावरूनच विकता आले असते. पण नळ्या आणि फिल्टर खोक्यात भरून शेतकऱ्याच्या दारात टाकायचे आणि "जोडणीची चित्रफीत पाहा" असे सांगायचे, हे त्यांना परवडत नाही, कारण लॅटरल, म्हणजे झाडांच्या ओळीतली ठिबकची नळी, चुकीची अंथरली गेली तर बाग जाते आणि कंपनीचे नाव जाते. म्हणून तालुक्यातला डीलर शेतात जातो, मोजणी करतो, जोडून देतो, पाणी सोडून दाब पाहतो. गिटार बिघडली तर बाग जात नाही. फक्त एक मुलगा वाजवायचे सोडतो. नुकसान दिसत नाही म्हणून ते कमी आहे असे नव्हे.

भावाचा मुद्दा टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. माझ्या दुकानात नवशिक्यांच्या गिटारीवर पंधरा ते वीस टक्के सुटतात. त्यातून भाडे, वीज, एका मुलाचा पगार आणि रोखीने उचललेल्या मालावरचे व्याज जाते, आणि वर सांगितलेले दीड तासाचे काम आम्ही गिटारीबरोबर फुकट करून देतो. गेल्या दिवाळीत एका कंपनीने, नाव घेत नाही, आपल्या संकेतस्थळावर जो भाव लावला तो मला तिच्याच वितरकाकडून पडलेल्या खरेदीच्या भावापेक्षा कमी होता. त्याच आठवड्यात एक तरुण दुकानात येऊन तासभर तीन गिटारी वाजवून गेला. मी त्याला तिन्हींतला फरक सांगितला, त्याच्या बोटांची लांबी पाहून कोणती मान बसेल ते सांगितले, चहा पाजला. त्याने माझ्यासमोरच मोबाइल काढून तिसरी गिटार मागवली. मला त्याचा राग आला नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केले असते. राग आला तो या गोष्टीचा की माझी भिंत आपल्या मालाचे प्रदर्शन झाली होती आणि तिचे भाडे मी भरत होतो.

तरीही आम्ही भाव बांधून मागत नाही. दुकानदारांना ठरावीक भावाखाली विकू न देणे अनेक देशांत बेकायदेशीर आहे; ब्रिटनमध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना सूट देण्यापासून रोखल्याबद्दल जानेवारी २०२० मध्ये फेंडरच्या युरोपातील कंपनीला ४५ लाख पौंड दंड झाला, आणि आपल्या २००२ च्या स्पर्धा कायद्यातही पुनर्विक्रीची किंमत लादण्याविरुद्ध तरतूद आहे. शेजारचा दुकानदार दोनशे रुपये कमी घेऊन विकत असेल तर तो त्याचा प्रश्न आणि माझाही. आमचे म्हणणे इतकेच की जी कंपनी मला माल विकते तिने स्वतः मला पडलेल्या खरेदीच्या भावाखाली जाऊन माझ्याच गिऱ्हाइकाला विकू नये. याला कायदा लागतो असे मला वाटत नाही. एवढी रीत आमच्या धान्यबाजारातला अडत्याही पाळतो.

अडत्याचा विषय निघालाच आहे तर आमच्याविरुद्धचीही बाजू सांगतो. रावेर-सावद्याचा केळी उत्पादक व्यापाऱ्याला वगळून थेट शहरात माल पाठवू पाहतो तेव्हा मी त्याच्या बाजूने असतो. मग गिटार बनवणाऱ्याने माझ्याबाबत तेच केले तर मी कोणत्या तोंडाने तक्रार करावी, हा प्रश्न मला माझ्या मुलीने विचारला आणि तो मला बरेच दिवस पुरला. मधला माणूस काही करत नसेल तर तो नसलेलाच बरा. आमच्यातल्या अनेकांनी वर्षानुवर्षे काही केले नाही, हेही खरे. छापील किमतीला गिटार विकायची, गंजलेल्या तारांसकट विकायची, दोन वर्षे उन्हात टांगलेली गिटार पुसून "नवा माल" म्हणून द्यायची, नामांकित कंपनीचे नाव चिकटवलेली नकली गिटार अडाणी गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायची, हे सारे आमच्या बाजारात झाले आहे आणि काही ठिकाणी आजही होते. डावखुऱ्या माणसाला आम्ही कधी दारात उभे केले नाही; "तारा उलट्या लावून देतो" हे आमचे ठरलेले उत्तर, आणि त्याने नट आणि आतल्या पट्ट्या उलट्या होत नाहीत हे आम्हाला माहीत असायचे. नंदुरबारच्या एका डावखुऱ्या शिक्षिकेने मला स्पष्ट सांगितले की संकेतस्थळ नसते तर तिला गिटार मिळालीच नसती. तिचे म्हणणे मला मान्य आहे. थेट विक्रीने अशा माणसांची सोय झाली, किमती उघड झाल्या, आमच्या थापा बंद झाल्या. ते परत फिरू नये.

जर्मनीतले थोमान हे दुकान १९५४ साली ट्रेपेनडॉर्फ नावाच्या एका खेड्यात सुरू झाले आणि आज ते तिथूनच साऱ्या युरोपला वाद्ये पुरवते, इतकेच नव्हे तर स्वतःच्या ब्रँडच्या गिटारीही विकते. म्हणजे खेड्यातला दुकानदार कंपनीसारखा होऊ शकतो. मग कंपनीने खेड्यातल्या दुकानदाराचे काम नीट समजून घेण्यात कमीपणा नसावा.

हमीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण सर्वांत जास्त मनस्ताप तिथे आहे. थेट घेतलेल्या गिटारीची घोडी सुटली म्हणून भुसावळचे एक ग्राहक मे महिन्यात माझ्याकडे आले. मी पाहून सांगितले की सरस पुन्हा लावून, क्लँप करून दोन दिवसांत ठीक होईल, पण मी हात लावला तर तुमची हमी जाईल. त्यांनी कंपनीला लिहिले. उत्तर आले की मूळ खोक्यात भरून परत पाठवा. खोका रद्दीत गेला होता. मी माझ्याकडचा एक खोका दिला, थर्माकोल दिले, त्यांनी पाठवली. गिटार गेली ती जुलैच्या शेवटी परत आली, आणि घोडी दुरुस्त होऊन आली असली तरी पावसाने तारा उंच झाल्या होत्या, तेव्हा ती शेवटी माझ्याकडेच आली. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला आपल्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागता येते. त्या गृहस्थांनी ते केले नाही. सात-आठ हजारांच्या वस्तूसाठी कोण तारखा घेत बसतो? ज्या कामाला माझ्याकडे दोन दिवस आणि पाचशे रुपये लागले असते, त्याला दोन महिने आणि दोन वेळचे कुरिअर लागले. हा खर्च आपणही सोसलात. तो आपल्याला का परवडतो, हे मला खरोखरच समजून घ्यायचे आहे.

आमची अपेक्षा काय ते आता लिहितो. संकेतस्थळे बंद करा असे आम्ही म्हणत नाही. ग्राहकाने आपल्या संकेतस्थळावर मागणी नोंदवावी, पैसे आपल्याला द्यावेत, पण खोका घरी मागवण्याबरोबरच "जवळच्या दुकानात तयार करून घ्या" असाही पर्याय त्याला दिसावा. गिटार दुकानात यावी, दुकानदाराने ती तपासावी, लावावी, सूर मिळवून ग्राहकाच्या हाती द्यावी, आणि या कामाची ठरावीक मजुरी कंपनीने दुकानदाराला द्यावी. आम्हाला त्यात मार्जिन नको, मजुरी हवी. तीन-चारशे रुपये पुरेत. किमतीत तेवढे मिळवले तर ग्राहक कुरकुरेल अशी भीती असेल तर त्याला सांगून पाहा की त्याबदल्यात पावसाळ्यात एकदा फुकट तपासणी मिळेल. हमीतील लहान दुरुस्त्या, म्हणजे घोडी, नट, सॅडल, खुंट्या, फ्रेटची टोके, या निवडक दुकानांना करू द्याव्यात आणि सुटे भाग वेळेवर पाठवावेत. एका खुंटीसाठी पूर्ण गिटार परत मागवणे थांबावे. कोणते दुकान हे काम करण्याच्या लायकीचे आहे ते आपण येऊन पाहा, परीक्षा घ्या, नापास करा. आमच्यातले काही जण नापास होतील आणि ते व्हायलाच हवेत.

मालाच्या सक्तीबद्दलही एक ओळ. काळ्या रंगाच्या सहा गिटारी हव्या असतील तर त्यांच्याबरोबर निळ्या-जांभळ्या चार घ्याव्याच लागतील ही अट लहान दुकानाचा गळा आवळते, आणि ज्या चार गिटारी त्यामुळे दोन वर्षे उन्हात टांगून राहतात त्याच पुढे "नवा माल" म्हणून विकल्या जातात. वर सांगितलेल्या आमच्या पापांपैकी या एकात आपला वाटा आहे.

हे सारे एकदम देशभर करावे असे मी सुचवत नाही. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीनच जिल्ह्यांत मार्चपासून ऑगस्टपर्यंत, म्हणजे ऊन आणि पाऊस दोन्ही पदरात पडतील असे सहा महिने, करून पाहावे. आपल्याकडे प्रत्येक ग्राहकाचा पत्ता आणि मोबाइल नंबर आहे. दुकानातून लावून घेतलेल्या शंभर जणांना आणि खोका घरी उघडलेल्या शंभर जणांना वर्षाने एकच प्रश्न विचारा : तारांचा दुसरा संच घेतलात का? जो वाजवतो त्याच्या तारा तुटतात किंवा मरतात, त्याला दुसरा संच लागतोच. दोन्हींचे आकडे सारखे निघाले तर मी हे पत्र मागे घेईन आणि खोके उघडून घरपोच गिटारी लावून द्यायचे काम स्वतंत्रपणे, माझ्या दराने, सुरू करेन. तसेही ते सुरू झालेच आहे. या आठवड्यात दुकानात कपाटावर लावायला आलेल्या अकरा गिटारी आहेत, त्यांपैकी सात मी विकलेल्या नाहीत.

उत्तर मराठी, हिंदी, इंग्रजी कोणत्याही भाषेत चालेल. प्रत्यक्ष यायचे असेल तर मे महिन्यात यावे. दुकान सकाळी दहाला उघडते. दुपारी एक ते चार उन्हामुळे बाजारात कोणी नसते, तेव्हा बोलायला निवांत वेळ मिळेल, आणि फ्रेटची टोके हाताला कशी लागतात तेही दाखवता येईल.

कळावे,

आपला नम्र,
एक वाद्यविक्रेता, जळगाव